दहा बाय पंधराच्या हॉलमधली मैफल

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. आम्ही चिंचवडकर त्या दिवशी भक्ती-शक्ती चौकाच्या आसपास कुठेतरी रस्त्याच्या कडेला जागा धरतो. दिंडी दिसायच्या आधी ऐकू येते, पण सगळी एकदम नाही. आधी टाळांचा खणखणाट, मग मृदंगाची थाप, आणि अगदी जवळ आल्यावर अभंगाचे शब्द. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याची घरघर खालच्या पट्टीतली, जाड असते. मृदंगाचा घुमारा तिच्यात बुडून जातो. टाळांची किणकिण मात्र वरच्या पट्टीत असल्यामुळे त्या घरघरीच्या डोक्यावरून सुटून येते.

एका वर्षी मी हे मोबाइलवर टिपून घेतलं आणि घरी येऊन हॉलमधल्या स्पीकरवर लावलं. स्पीकर बरे आहेत. निदान मोजलेल्या पैशांच्या मानाने बरे असायला हवेत. दोन मिनिटांत स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "भजी कोण तळतंय?"

प्रश्न रास्त होता. पन्नास टाळांची मिळून एक फसफस झाली होती. त्यातला पहिला गुन्हेगार मोबाइलच. आवाज वाढला की तो आपणहून माइकची पातळी खाली ओढतो आणि शांत झालं की वर करतो. बोलणं टिपायला ही सोय उत्तम, पण दिंडीत टाळ कडाडले की त्याच झटक्यात वारकऱ्यांचे गळेही खाली दाबले जातात. दुसरा गुन्हेगार फाइल लहान करण्याची युक्ती. कानाला एरवी जाणवणार नाही असा तपशील त्यात गाळला जातो. टाळाचा आवाज म्हणजे क्षणात उठणारा टोकदार ठोका आणि त्यामागून वरच्या कंपनांची लांबलचक शेपटी. गाळणीला सगळ्यात अवघड जातं ते हेच.

तेव्हापासून डोक्यात एक हिशेब सुरू आहे. मोबाइल बाजूला ठेवू. चांगले माइक, चांगलं ध्वनिमुद्रण, चांगला अँप्लिफायर, चांगले स्पीकर, सगळं आणलं, तर पिंपरी-चिंचवडच्या टू-बीएचकेत, दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये, समोर घडल्यासारखा आवाज किती येईल?

पहिली अडचण अशी की 'समोर घडल्यासारखा' म्हणजे कसा, हेच आपण हल्ली फारसं ऐकत नाही. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात, निगडीच्या गदिमा नाट्यगृहात किंवा महापालिकेच्या स्वरसागर महोत्सवात आपण जे ऐकतो, ते माइकमधून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून मोठ्या स्पीकरमध्ये जाऊन आलेलं असतं. डावीकडच्या खुर्च्यांवर बसलं की गायिका मंचाच्या मधोमध दिसते आणि तिचा आवाज मात्र डाव्या स्पीकरच्या मनोऱ्यातून येतो. मागचा तंबोराही कित्येकदा इलेक्ट्रॉनिक असतो. म्हणजे घरच्या यंत्राची परीक्षा घ्यायला ज्याला आपण मूळ म्हणतो तेही एक यंत्रच, फक्त मोठं आणि बरेचदा घरच्यापेक्षा कर्कश.

माइकशिवाय ऐकता यावं म्हणून आपल्याकडे मुद्दाम बांधलेलं नाट्यगृह म्हणजे मुंबईचं टाटा थिएटर. एनसीपीएचं हे सभागृह १९८० मध्ये सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. हजारेक माणसं, तरी सतारीचा आवाज बिनामाइकचा मागच्या रांगेपर्यंत पोचावा अशी आखणी. आमच्या भागात असा बिनवीजेचा आवाज ऐकायचा तर देवळातलं भजन, दिंडी, गोंधळ्यांचा संबळ, गणपतीतलं ढोल-ताशा पथक, नाहीतर कुणाच्या घरची बैठक. माझ्या मते घरच्या यंत्रणेची परीक्षा यांच्यावर घ्यावी. नाट्यगृहात ऐकलेल्या आवाजाशी तुलना म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्सशी तुलना.

हा खटाटोप जुना आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगाव जाहीर प्रयोग केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. ती गाता गाता मध्येच थांबे आणि तबकडी पुढे गाई. कधी दिवे मालवत, आणि दिवे लागल्यावर गायिका मंचावर नाहीच हे पाहून लोक अवाक होत. तेव्हा ध्वनिमुद्रणात विजेवर चालणारे माइकही आलेले नव्हते. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि सुईने ते मेणावर कोरायचं, असा कारभार. आज त्या तबकड्या ऐकल्या तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या वाटतात. मग माणसं फसली कशी? त्या प्रयोगांतली एक नामांकित गायिका ॲना केस. आपण यंत्राच्या आवाजाला जुळेल असा गळा लावत होतो, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखं गात होता.

खरा प्रामाणिक प्रयोग पुढे १९५९-६०च्या सुमारास अमेरिकेतल्याच अकूस्टिक रिसर्च या स्पीकर कंपनीने केला. फाइन आर्ट्स क्वार्टेट ही चार तंतुवाद्यांची मंडळी मंचावर वाजवत, मध्येच हात थांबवून नुसता अभिनय करत, आणि तेवढ्या वेळात स्पीकर वाजत. बदल कुठे झाला हे बहुतेक श्रोत्यांना सांगता येईना. त्यातली ग्यानबाची मेख अशी की ते ध्वनिमुद्रण उघड्यावर केलं होतं, चारी बाजूंना भिंत नाही अशा ठिकाणी. मुद्रणात कुठल्याही खोलीचा घुमारा नव्हता. तो द्यायला प्रयोगाचं सभागृह होतंच.

इथे विषयाच्या दोन वाटा होतात. गवई आपल्या घरी येणार, की आपण मैफलीला जाणार? गवई घरी यायचा असेल तर मुद्रण कोरडं हवं, म्हणजे आपला हॉल त्याला आपला घुमारा देईल आणि तो सोफ्यासमोर सतरंजीवर बसून गातोय असं वाटेल. आपण मैफलीला जायचं असेल तर मुद्रणात तिथल्या सभागृहाचा घुमारा हवा आणि आपल्या हॉलने तोंड बंद ठेवायला हवं. आपण विकत घेतो त्या बहुतेक मुद्रणांत दोन्हींची खिचडी असते. गळ्यापासून वीतभर अंतरावरचा माइक, आणि वरून यंत्राने लावलेला देवळाएवढा घुमारा. तबल्याचं तर विचारूच नका. एक माइक तबल्यावर, एक डग्ग्यावर. मिक्सिंग करताना तबला एका स्पीकरमध्ये सरकवला जातो आणि डग्गा दुसऱ्यात. डोळे मिटून ऐकलं तर तबलजीच्या दोन हातांत सहा फुटांचं अंतर असावं असं वाटतं.

आता यंत्राच्या बाजूचा हिशेब मांडू. पदरात काय पडतं, तर नादाचा पोत. तो जवळजवळ पूर्णच पडतो.

तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची सारी जादू घोडीवर आहे. घोडीच्या रुंद पाठीवर तार टेकते तिथे खाली एक बारीक दोरा सरकवतात. कंप पावताना तार घोडीला घासत, लागत-सुटत राहते आणि जवारी, म्हणजे तो झणझणता नाद, उठते. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे काही स्वरांशांचे, म्हणजे मूळ स्वराबरोबर उठणाऱ्या वरच्या स्वरांचे, स्थिरबिंदू असतात, आणि नियमाने ते स्वरांश उठायला नकोत. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, ते स्वरांशही खुशाल वाजतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं. त्याआधी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी मृदंग-तबल्याच्या शाईबद्दल लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे स्वरांश एकमेकांशी पटत नाहीत, म्हणून नगाऱ्याला नेमका स्वर नसतो. पुडीच्या मधोमध शाईचे थर चढवले की ते स्वरांश सुरात येतात आणि तबला षड्जात मिळवता येतो. देहू-आळंदीचे पखवाजिये धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात तेही वजन देऊन सूर खाली आणण्यासाठीच.

हे सगळं नाजूक वाटतं, पण चांगल्या माइकला ते सहज कळतं. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी. माझ्या वयाला वरचा मजला केव्हाच कुलूपबंद झालेला असतो. १९८२ मध्ये आलेली सीडी हा पट्टा पूर्ण टिपते. सीडीहून 'उच्च' दर्जाच्या मुद्रणांचा आज मोठा बाजार आहे. पण २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी तशी मुद्रणं सीडीच्या दर्जात उतरवून, कोणतं काय ते न सांगता ऐकवली, तेव्हा फरक ओळखणं निव्वळ नाणेफेकीच्या पातळीवर राहिलं. स्पीकरच्या बाबतीत कॅनडाच्या फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवलं. पडदा असला की माणसं बरीचशी एकमताने बोलतात. पडदा काढला की आकार, किंमत आणि नाव बोलू लागतं. आमच्या लहानपणी तर खोक्यावर 'पीएमपीओ २००० वॉट' छापलेलं असे आणि आत बोटभर तारेचा ट्रान्सफॉर्मर. महागड्या केबलींबद्दल मी काही बोलत नाही. त्या घेणारे मित्र आहेत आणि मला मित्र हवे आहेत.

थोडक्यात, एक गळा, एक तंबोरा, पेटी आणि तबला, घरच्या बैठकीच्या आवाजात, हे घरात जमतं. भीमसेनजींचा षड्ज किंवा किशोरीताईंची मींड ओळखायला काहीच कमी पडत नाही. कमी पडतात त्या दोन गोष्टी, जागा आणि जोर.

आधी जागा. १९३१ मध्ये लंडनमधल्या ॲलन ब्लुमलाइन या तरुण अभियंत्याने स्टीरिओचं पेटंट मागितलं. सांगतात की बायकोबरोबर सिनेमा पाहताना त्याला खटकलं, नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज दुसरीकडून. मोरे प्रेक्षागृहातल्या माझ्या तक्रारीला शंभर वर्षं होत आली म्हणायची. त्याचा उपाय दोन कानांच्या हिशेबावर उभा आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उशिरा पोचतो, पण उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश. एवढ्यावरून मेंदू दिशा सांगतो. दोन स्पीकर सारखे वाजले की मधल्या रिकाम्या जागेत, जिथे काहीच नाही तिथे, गवई उभा राहतो. ही नजरबंदी खरोखर अजब आहे, पण ती एकाच खुर्चीपुरती. हातभर बाजूला सरकलं की गवई जवळच्या स्पीकरच्या खोक्यात जाऊन बसतो. घरात चार माणसं असली तर मैफल एकाची, बाकीचे तिघे मांडवाबाहेर.

दुसरं म्हणजे भिंती. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा; टाइल्स आणि गिलावा यांच्यामध्ये ती चेंडूसारखी टप्पे खाते. सामान आलं, पडदे लागले की टप्पे मरतात, पण पहिला टप्पा राहतोच. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये बाजूच्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ आलेल्या आवाजामागून तीन-चार मिलिसेकंदांत येतो. मोठ्या सभागृहात मधल्या श्रोत्याला हीच परत येणारी लाट पंधरा-वीस मिलिसेकंदांनी मिळते. ती वेगळी ऐकू येत नाही, पण मेंदू तिच्यावरून खोली मापतो. म्हणून मुद्रणात टाटा थिएटर असलं तरी कानामागची भिंत सांगत राहते, अरे, तू अजून चिंचवडातच आहेस.

खालच्या स्वरांची गत तर आणखी बिकट. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ ७ मीटर लांब, म्हणजे हॉलपेक्षा मोठी. अशी लाट खोलीत मावत नाही, ती खोलीला आपल्या तालावर हलवते. पंधरा फूट लांबी ३७-३८ हर्ट्झला साथ देते, दहा फूट रुंदी ५६ला, साडेनऊ फूट उंची ५९ला. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी आले, हे आमच्या बिल्डरचं देणं. घरबसल्या करून बघण्यासारखी गोष्ट आहे. मोबाइलवर ठरावीक हर्ट्झचा सूर काढणारं ॲप मिळतं. त्याने ५६ हर्ट्झचा सूर स्पीकरवर लावा आणि हॉलच्या रुंदीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चाला. भिंतीजवळ तो कानाला दडा बसवील, मधोमध आलात की जवळजवळ गायब होईल, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा गर्जेल. स्पीकर तोच, सूर तोच, बदलली ती फक्त तुमची जागा. आपले सोफे भिंतीला टेकलेले, म्हणून डग्ग्याचा घुमार घरोघर फुगलेला ऐकू येतो. स्पीकर बदलण्याआधी सोफा फूटभर पुढे ओढावा. पण ते घरात कुणाला पटवायचं?

आता जोर. ढोल-ताशा पथक सोसायटीच्या फाटकासमोर वाजतं तेव्हा ढोल कानाने ऐकावा लागत नाही. टिपरू पानावर पडतं आणि थाप बरगड्यांत लागते. पन्नास ढोल म्हणजे पन्नास मोठी पानं एका वेळी हवा ढकलतात. आता हेच काम घरच्या सहा-साडेसहा इंची स्पीकरला सांगू. ५० हर्ट्झचा सूर एक मीटरवर १०० डेसिबल करायचा तर, मोकळ्या जमिनीवर ठेवलेल्या बंद पेटीत, त्याच्या पडद्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास पुढे आणि तेवढंच मागे जावं लागेल. सर्वसाधारण पडदा त्याच्या निम्मंही धड जात नाही. आणखी एक सप्तक खाली, २५ हर्ट्झवर जायचं तर चौपट हालचाल. बारा इंची पडद्याला तेच ५० हर्ट्झ तीनेक मिलिमीटरमध्ये जमतं. मोठ्या खोक्यांची मिजास आहे ती या भूमितीच्या जिवावर.

वीजही अशीच खर्चिक. १० डेसिबल वाढवायचे तर वॉट दहापट. नेहमीच्या स्पीकरला एका वॉटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल मिळत असतील, तर ९८ला १० वॉट आणि १०८ला १००. ताशावर काडी पडते तो एक क्षण सरासरीपेक्षा कितीतरी वर उडी मारतो. अँप्लिफायरची पिशवी तेवढी नसली तर उडीचं टोक कापलं जातं, आणि ताशा तडतडण्याऐवजी फडफडतो. पथक घरात आणायचं तर हॉलही सोसायटीच्या मैदानाएवढा हवा, आणि शेजारीही पथकातलेच.

खालच्या टोकालाही घर आडवं येतं. सीडीवर हळूतल्या हळू आणि मोठ्यातल्या मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पण फॅन चालू, रस्ता चालू, शेजारी मिक्सर नसला तरी हॉलची शांतता ४० डेसिबलच्या घरातली. तिच्यावर ९६ चढवले तर १३६ होतात. कान दुखायच्या पलीकडची गोष्ट. म्हणजे उपयोगात येतं ते अर्धंमुर्धं. घरची मैफल सुधारायचा सगळ्यात स्वस्त उपाय फॅनच्या बटणावर आहे, पण मे महिन्यात तो कुणी करत नाही.

जागेची अडचण सोडवणारी एक युक्ती मी चाकणला पाहिली. तिथल्या एका वाहन कारखान्यात माझा मित्र आवाज-चाचणीत आहे. एनव्हीएच म्हणतात त्याला, म्हणजे आवाज, कंप आणि खडबडीतपणा. त्यांच्या चाचणीच्या खोलीत भिंती आणि छत फोमच्या सुळक्यांनी भरलेले असतात, जमीन तेवढी टणक. दार लागलं की पहिल्यांदा आपलाच आवाज परका वाटतो. शब्द तोंडातून निघतात आणि तिथेच पडतात. तिथे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक पुतळा बसवलेला होता. नुसतं डोकं-खांदे, रबरी कान, आणि कानांच्या आत माइक. मित्राने गाडीतलं एक मुद्रण हेडफोनवर ऐकवलं. इंजिन, इंडिकेटरची टिकटिक, काचेवरचा वारा. मध्येच मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "एसी कमी कर रे." मी मान वळवून मागे पाहिलं. मित्र हसला, म्हणाला, सगळेच बघतात.

कानाच्या पाळीवर आवाज आपटून येतो तेव्हा त्याचा पोत दिशेनुसार किंचित बदलतो, आणि पुतळ्याच्या रबरी पाळ्या तो बदल टिपतात. हेडफोन लावला की खोली मधून जाते. दुसऱ्याच्या जागेवर बसून त्याच्या कानांनी ऐकल्यासारखं होतं. जागा म्हणावी तर ही सगळ्यात जवळची नक्कल. पण मान वळवली की मागची सीटही माझ्याबरोबर वळली, तिथे भांडं फुटलं. शिवाय पुतळ्याच्या पाळ्या आणि माझ्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे मागचं मागे वाटतं, पण समोरचं बरेचदा डोक्यातच वाजतं. आणि हेडफोनमधला ढोल बरगड्यांपर्यंत कधी पोचत नाही.

एक कोडं मात्र आकड्यांत बसवायला मला बरीच वर्षं लागली. चिंचवडगावात संध्याकाळी गल्लीतून चालताना एखाद्या घरातून पेटी ऐकू येते. खिडकी बंद, भिंत मध्ये, स्वर अर्धे विरलेले. ना स्टीरिओ, ना दिशा, ना पूर्ण पट्टा. तरी पहिल्या दोन-तीन स्वरांत कळतं की आत कुणीतरी बोटांनी वाजवतंय, स्पीकर नाही. वर सांगितलेल्या कुठल्याच कसोटीला हे उतरत नाही, मग कळतं कसं?

एक कारण असं की खरी पेटी सगळ्या बाजूंना नाद फेकते. स्पीकर वरचे स्वर समोरच्या दिशेला झोत टाकावा तसे टाकतो आणि खालचे चौफेर सांडतो. समोर बसणाऱ्याला दोन्ही नीट मिळतात, पण खोलीत भरून खिडकीबाहेर येतं ते जास्त करून खालचंच, म्हणून परक्याच्या घरातलं गाणं नेहमी भिंतीतून धमधमतं. दुसरं कारण उड्या. माणूस वाजवतो तेव्हा एक स्वर अचानक मोठा येतो, दुसरा दबतो. मुद्रणात त्या उड्या बहुधा आधीच छाटून सपाट केलेल्या असतात, म्हणजे गाडीत, गोंगाटात, मोबाइलवर सगळं सारखं ऐकू यावं. थोडा दोष स्पीकरचा, बराच मुद्रण करणाऱ्याच्या कात्रीचा. मी आता नवं मुद्रण स्वयंपाकघरात उभा राहून ऐकतो. तिथून खरं वाटलं तर हॉलमध्ये वाटणारच.

या हिशेबात एक गोष्ट घराच्या बाजूने पडते, आणि ती वेळेची आहे. १९५३ पासून पुण्यात होणारा सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रात्रभर चाले. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, फाटकासमोरचं पथक मीही ऐकलेलं आहे. पण मध्यरात्रीनंतरचे राग मांडवातून गेले. दरबारी आता समोर बसून ऐकायचा तर बहुधा त्याच्या वेळेच्या आधी ऐकावा लागतो. रात्री एकचा दरबारी रात्री एकला ऐकायचा, तर हॉलशिवाय दुसरी जागा उरलेली नाही.

त्यासाठी माझ्याकडे एक कॅसेट आहे, कुणाच्या तरी घरच्या बैठकीची. कॉपीची कॉपी, वरचे स्वर झिजलेले, खाली सुंईऽऽ असा टेपचा आवाज. यंत्राच्या सगळ्या परीक्षांत ती नापास होईल. पण तिचा माइक एकच होता, आणि तो गवयाच्या तोंडाशी नसून श्रोत्यांत ठेवलेला होता, म्हणून तिच्यात त्या खोलीचं माप आहे. तंबोरे मिळवतानाची कुरकुर आहे, बांगड्या आहेत, समेवर अर्ध्या श्वासात अडकलेलं कुणाचं तरी "वा" आहे. मी फॅन बंद करतो, सोफा पुढे ओढतो, आवाज पायरीभर खालीच ठेवतो. रस्ता तेव्हा जरा दमलेला असतो. दरबारी संपतो, टाळ्या होतात, मागून एक बाई म्हणतात, "चहा आणू का सगळ्यांना?" आणि टेप तिथेच तुटते.